विमानाचा कारखाना बघायचाय? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिहानमधल्या, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या औद्योगिक क्षेत्रातल्या, एखाद्या विमान प्रकल्पाची बातमी पेपरात आली की हे प्रश्न सुरू होतात. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांआधी पुन्हा एकदा येतात, तेव्हा विचारणारे बहुतेक मुला-मुलीकडे परदेशी निघालेले आईवडील असतात. तेच ते प्रश्न एका जागी आणले आहेत. तिकिटांचे दर मुद्दामच दिलेले नाहीत. ते बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी त्या-त्या टूरच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या.

१. नागपुरात विमानाचा कारखाना तिकीट काढून बघता येतो का?

नाही. मिहानमध्ये विमानाचे भाग बनतात, मोठ्या विमानांची दुरुस्तीही होते, पण सर्वसामान्यांना तिकीट काढून आत जाता येईल अशी सोय तिथं नाही. खापरीपर्यंत मेट्रोनं जाऊन, रिक्षा करून गेटवर उभं राहिलात तर सुरक्षारक्षक नम्रपणे परत पाठवतील. कॉलेजच्या गटासाठी मार्ग थोडा वेगळा आहे, त्यासाठी प्रश्न १५ बघा.

२. मग मिहानमध्ये नेमकं बनतं तरी काय?

तीन कामं लक्षात ठेवा. पहिलं, टाटा समूहाच्या कारखान्यात बोईंग ७८७ ड्रीमलायनरच्या फ्लोअर बीम बनतात. प्रवाशांच्या पायाखालची जमीन ज्या आडव्या तुळयांवर बसते, त्या या. त्या कार्बन फायबरच्या कंपोझिटच्या, म्हणजे धागे आणि राळ एकत्र करून घडवलेल्या पदार्थाच्या, असतात. दुसरं, दसॉल्ट-रिलायन्सचा कारखाना. त्याची पायाभरणी ऑक्टोबर २०१७ मध्ये झाली आणि तिथं फाल्कन २००० या बिझनेस जेटचे भाग तयार होतात. अख्खं फाल्कन २००० नागपुरातच जोडायचं, असं जून २०२५ मध्ये पॅरिसच्या एअर शोत जाहीर झालं. नागपुरात जोडलेलं पहिलं विमान २०२८ पर्यंत उडवायचं उद्दिष्ट तेव्हा सांगितलं गेलं. फाल्कनची अंतिम जोडणी फ्रान्सबाहेर होण्याची ही पहिलीच वेळ असेल. तिसरं, बोईंगनं बांधून दिलेलं आणि पूर्वी एअर इंडियाच्या असलेल्या इंजिनिअरिंग कंपनीकडचं दुरुस्ती केंद्र. विमान धावपट्टीवर उतरून टॅक्सीवेनं थेट तिथल्या हँगरपर्यंत जातं.

गावात बोलताना लोक या तिन्हींना सरसकट 'विमानाचा कारखाना' म्हणतात आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

३. दुरुस्ती केंद्र आणि कारखाना, दोन्हीकडे विमानच असतं ना? फरक काय पडतो?

बघणाऱ्याला खूप फरक पडतो. दुरुस्ती केंद्रात बनून उडालेलं, हजारो तास वापरलेलं विमान येतं. त्याच्या सीट काढतात, आतले पॅनल उघडतात, गंज आणि तडे शोधतात, झिजलेले भाग बदलतात आणि पुन्हा बंद करतात. कारखान्यात सगळं उलट्या दिशेनं चालतं: नुसत्या पत्र्याच्या किंवा कंपोझिटच्या तुकड्यांपासून विमान आकाराला येतं. सुट्या भागांचा कारखाना हा तिसराच प्रकार. तिथं अख्खं विमान दिसतच नाही. दिसतात जिग (भाग जागेवर घट्ट धरून ठेवणारे सांगाडे), ड्रिलिंगची यंत्रं, मापं घेण्याच्या खोल्या. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला हेच सगळ्यात जास्त शिकवून जातं. आठ वर्षांच्या मुलाचा मात्र हिरमोड होईल.

४. भारतात कुठेच आत सोडत नाहीत का?

चालू असेंब्ली लाईन सर्वसामान्यांना नियमित दाखवणारी टूर भारतात नाही, कारण आपल्याकडचे पूर्ण विमान बनवणारे मोठे कारखाने संरक्षण खात्याच्या कामाचे आहेत. नाशिकजवळ ओझरला एचएएल (हिंदुस्तान एअरोनॉटिक्स) ही सरकारी कंपनी सुखोई लढाऊ विमानं बनवत आली. तिथल्या नव्या लाईनवरचं पहिलं तेजस मार्क १ए लढाऊ विमान ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं. वडोदऱ्याला टाटा-एअरबसचा सी-२९५ या मालवाहू विमानाचा कारखाना आहे, त्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. वायुदलाच्या ५६ विमानांपैकी ४० तिथं बनायची आहेत. दोन्ही ठिकाणी सहज म्हणून जाता येत नाही.

जाता येतं ते बंगळुरूच्या एचएएलच्या संग्रहालयात. ते २००१ मध्ये सुरू झालं आणि तिकीट काढून कोणालाही बघता येतं. भारतातच रचना करून बनवलेलं पहिलं जेट लढाऊ विमान म्हणजे एचएफ-२४ मारुत. ते १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि इथं ते अगदी जवळून बघायला मिळतं. मराठी माणसानं इथं आणखी एका गोष्टीसाठी जावं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं बंगळुरूत विमानाचा कारखाना उभा केला. आजची एचएएल त्यातूनच आली. देशातला विमानउद्योग एका सोलापूरकरानं सुरू केला, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

नागपूरहून आणखी सोयीचा पर्याय हैदराबादचा. बेगमपेटच्या जुन्या विमानतळावर दर दोन वर्षांनी विंग्ज इंडिया हे नागरी विमानांचं प्रदर्शन भरतं. सिकंदराबादपर्यंत वंदे भारत जाते. तिथं कारखाना नसतो, पण कंपन्या विमानं आणतात आणि ती बनवणाऱ्या माणसांशी समोरासमोर बोलता येतं.

५. मग खराखुरा चालू कारखाना कुठं बघायला मिळतो?

सर्वसामान्य प्रवाशासाठी दोन जागा आधी बघाव्यात: अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ एव्हरेट इथला बोईंगचा आणि फ्रान्समध्ये तुलूझ इथला एअरबसचा. जर्मनीत हॅम्बुर्गलाही एअरबसची टूर आहे. बोईंगचे इतर कारखाने गृहीत धरू नका. ७३७ बनवणाऱ्या रेंटनला किंवा ७८७ बनवणाऱ्या चार्ल्सटनला अशी तिकिटाची टूर नाही. 'बोईंगचा कारखाना' एवढंच ऐकून रेंटनला गाडी घालू नका. तो सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला आहे आणि एव्हरेट उत्तरेला.

६. मुलाकडे सिअ‍ॅटलला चाललो आहोत. तिथली टूर कशी असते?

सिअ‍ॅटल शहरापासून साधारण ४० किलोमीटर उत्तरेला पेन फील्ड विमानतळाशेजारी बोईंगचं 'फ्यूचर ऑफ फ्लाइट' केंद्र आहे. टूर तिथून सुटते. आधी माहिती देतात, मग बसनं कारखान्यात नेतात आणि उंच बॅल्कनीतून खालचं काम दाखवतात. या सगळ्याला जवळपास दीड तास लागतो. कोविडमुळे मार्च २०२० मध्ये टूर बंद झाली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. तेव्हा २०२० आधीचे व्हिडिओ बघून बेत आखू नका. मुलाला सांगून तिकीट आधीच ऑनलाईन काढून ठेवा आणि वेळेच्या बरंच आधी पोचा. बस कोणासाठी थांबत नाही.

आकारमानानुसार ही जगातली सगळ्यात मोठी इमारत आहे: १ कोटी ३३ लाख घनमीटर. एकाच छपराखाली ९८ एकरांहून जास्त जागा. आपला फुटाळा तलाव साधारण ६० एकरांचा. तो या छपराखाली मावून वर जागा उरेल. ही इमारत १९६० च्या दशकात जम्बो जेटसाठी म्हणजे ७४७ साठी बांधली. एअर इंडियाचा १९७१ चा पहिला जम्बो 'एम्परर अशोका' इथलाच. ७४७ एकूण १,५७४ बनले आणि शेवटचा जानेवारी २०२३ मध्ये ग्राहकाच्या हाती गेला. त्यामुळे जम्बो बनताना बघायला मिळेल अशी आशा ठेवून जाऊ नका. आता तिथं मुख्यतः ७७७ आणि ७६७ या घराण्यातली विमानं बनतात. राष्ट्रपती आणि पंतप्रधान ज्या ७७७ विमानांनी परदेशी जातात, तीही एव्हरेटचीच.

७. आत गेल्यावर बघायचं काय? वरून सगळी विमानं सारखीच दिसतात.

हा प्रश्न विचारलात ते बरं झालं, कारण बहुतेक जण आकार बघून थक्क होतात आणि काम न बघताच बाहेर पडतात. बॅल्कनीत पोचल्यावर पहिली दोन मिनिटं आकाराला द्या. त्यानंतर एकच विमान निवडा आणि त्याच्याकडेच बघा.

आधी रंग बघा. न रंगवलेलं अ‍ॅल्युमिनियमचं धड पोपटी-हिरवट दिसतं. तो पत्र्याला ओरखडे आणि गंजापासून जपणारा लेप असतो. पण त्याच विमानाच्या शेपटीचा उभा भाग मात्र बहुतेक वेळा आधीच कंपनीच्या रंगात असतो. बाकी विमान नंतर रंगवतात, मग शेपूटच आधी का? तिच्या मागच्या कडेला सुकाणू असतं. त्याचा तोल अगदी काटेकोर साधावा लागतो आणि रंगालाही वजन असतं. म्हणून आधी रंग, मग तोल, मग जोडणी. हे कळलं की लाईनवरचं कोणतं विमान कोणत्या देशात जाणार, तेही शेपटीवरून ओळखता येतं. एअर इंडियानं २०२३ मध्ये १० बोईंग ७७७-९ मागवली आहेत, हे लक्षात ठेवून शेपट्या बघा.

दुसरं, पंख जिथं धडाला मिळतात ती जागा. तिथं मचाणासारखे मजले उभे असतात आणि माणसं विमानाच्या पोटात अर्धी शिरून काम करत असतात. त्यांचे हात बघा. एकानं आतून धरायचं, दुसऱ्यानं बाहेरून ड्रिल करायचं, मग भोक तपासायचं, मग रिवेट. यंत्रमानवांच्या कितीही गोष्टी ऐकल्या तरी विमानाचं पुष्कळ काम आजही माणसाच्या हातानं होतं. मला ही टूर जपावीशी वाटते ती याच कारणासाठी. पुढच्या वेळी विमानात बसाल तेव्हा खिडकीबाहेरची रिवेटची रांग नुसती रांग वाटणार नाही.

तिसरं, बाहेर मैदानात उभी असलेली विमानं. एखाद्याला इंजिनं नसतील तर पंखाखाली बघा. इंजिनाच्या जागी काँक्रीटचे जड ठोकळे टांगलेले दिसतील. इंजिनांचं वजन मुख्य चाकांच्या पुढच्या बाजूला येतं. ते नसलं की विमान मागे झुकून शेपटीवर बसू शकतं. म्हणून हा तात्पुरता भार.

नवं ७७७-९ उभं असेल तर पंखांची टोकं बघा. ती वर दुमडतात. पंख पसरल्यावर टोकापासून टोकापर्यंत जवळपास ७२ मीटर भरतात, दुमडल्यावर ६५ मीटरच्या आत येतात. त्यामुळे आज ७७७ मावतं त्या विमानतळांवर हेही मावतं. त्याच्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याचा व्यास सुमारे ३.४ मीटर आहे. कोणी माणूस शेजारी उभा दिसला तर दोघांची तुलना करा.

८. मोबाईल नेता येतो का? निदान एक तरी फोटो?

कारखान्यात नाही. एव्हरेटला मोबाईल, कॅमेरा, पर्स, पिशवी सगळं लॉकरमध्ये ठेवावं लागतं. तुलूझलाही आत फोटोला बंदी आहे. स्मार्ट घड्याळ, कॅमेऱ्याचा चष्मा असलं काही अंगावर असेल तर बसमध्ये चढण्याआधी स्वतःहून विचारा. रोजची गोळी खिशात ठेवा, पिशवीत नको. फोटोची हौस बाहेरच्या संग्रहालयात फेडता येते, तिथं परवानगी असते.

९. नात साडेतीन वर्षांची आहे. कडेवर घेऊन चालेल?

एव्हरेटला नाही चालत. तिथं वय बघत नाहीत, उंची बघतात: किमान ४ फूट, म्हणजे १२२ सेंटिमीटर. कडेवरचं बाळसुद्धा चालत नाही. दारावर मोजतात आणि 'अर्ध्या इंचानं काय होतं?' हा युक्तिवाद कामी येत नाही. तेव्हा घरीच भिंतीशी उभं करून मोजून घ्या. उंची कमी भरली तर मोठ्यांनी दोन गट करा. एक गट टूरला जाईल, दुसरा मुलांना घेऊन केंद्रातलं प्रदर्शन बघेल, मग अदलाबदल. त्यासाठी दोन वेगवेगळ्या वेळांची तिकिटं आधीच काढावी लागतात. इतर ठिकाणी नियम वेगळे असतात. एका ठिकाणचा नियम दुसरीकडे लावू नका.

१०. बाबांचे गुडघे दुखतात आणि आई साडीशिवाय दुसरं काही नेसत नाही. जमेल का?

साडीला कुठंही मनाई नाही. पदर पिनअप करा आणि निऱ्या पायात येणार नाहीत इतक्या वर घ्या, कारण बसच्या पायऱ्या आणि जिने असतात. चप्पल नको, सपाट तळाचे बंद बूट घाला.

गुडघ्यांचा विषय जास्त महत्त्वाचा आहे. टूरमध्ये चालणं असतं, उभं राहणं असतं आणि गटाबरोबर राहावं लागतं. मध्येच बसून घेतो म्हणता येत नाही. व्हीलचेअर किंवा लिफ्ट लागणार असेल तर तिकीट काढतानाच कळवा, त्या दिवशी दारावर नाही. आणि बाबांना आधीच सांगा की दीड तासात स्वच्छतागृह मिळेलच असं नाही. वडीलधाऱ्यांना हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून इथं लिहिलं.

११. युरोपची टूर ठरली आहे. तुलूझ वेगळं काढून करण्यासारखं आहे का?

विमानाची आवड असेल तर हो, नक्की. नुसतं 'आलोच आहोत तर' म्हणून नको. तुलूझ पॅरिसपासून बरंच लांब, दक्षिणेला आहे.

इथं एअरबस ए३५० ची अंतिम जोडणी होते. बघण्यासारखा फरक असा की एअरबसचे मोठे भाग वेगवेगळ्या देशांत बनून जवळपास तयार अवस्थेत येतात. ए३५० चे पंख वेल्समधून येतात, धडाचे भाग जर्मनी आणि फ्रान्समधल्या दुसऱ्या कारखान्यांतून. ते आणायला बेलुगा नावाचं फुगीर डोक्याचं मालवाहू विमान आहे. नशीब असेल तर ते उतरताना दिसतं. त्यामुळे तुलूझच्या हँगरमध्ये एव्हरेटपेक्षा शांतता जास्त वाटते. प्रचंड तुकडे मिलिमीटरच्या हिशोबानं एकमेकांजवळ आणणं हेच तिथलं मुख्य काम.

ए३८० मात्र आता तिथं बनत नाही. शेवटचं डिसेंबर २०२१ मध्ये दिलं गेलं. ते बघायला शेजारच्या एरोस्कोपिया संग्रहालयात जा. तिथं दोन कॉन्कॉर्डही आहेत आणि बेलुगाच्या आधीचं सुपर गप्पीही. कारखाना आणि संग्रहालय एकाच दिवशी ठेवा. आणखी एक गोष्ट: इंडिगोची एटीआर विमानं, ती पंख्यांची छोटी, तुलूझमध्येच जोडली जातात.

१२. आपल्या मिहानचा भाग एव्हरेटला दिसेल का?

लाईनवर दिसणार नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं. मिहानच्या फ्लोअर बीम ७८७ साठी जातात आणि एव्हरेटमधली ७८७ ची जोडणी २०२१ मध्ये थांबली. आता ती सगळी दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला होते आणि तिथं टूर नाही. (प्रश्न ५ बघा.) शिवाय विमान तयार झालं की बीमवर फ्लोअर पॅनल आणि गालिचा येतो. पण दिल्ली किंवा मुंबईहून ड्रीमलायनरनं निघालात तर सीटकडे जाताना पायाखाली नागपूरचं काम असू शकतं, हे आईबाबांना जरूर सांगा.

१३. पासपोर्ट भारतीय आहे. सुरक्षेच्या नावाखाली अडवतील का?

सार्वजनिक टूरमध्ये जे दाखवतात ते सर्वांना दाखवण्यासाठीच निवडलेलं असतं. भारतीय पर्यटक नेहमी जातात. अडचण येते ती कागदांची. तुलूझला मूळ पासपोर्ट लागतो, मोबाईलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही, आणि बुकिंगमधलं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधलं नाव म्हणून लिहितात, कधी आडनावाच्या रकान्यात जातं. बुकिंग करताना पासपोर्ट समोर ठेवूनच टाईप करा. युरोपबाहेरच्यांनी बुकिंग जितकं आधी होईल तितकं आधी करावं.

१४. टूर मिळाली, पण आत काम बंद असेल तर?

असं होऊ शकतं. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या आसपास लाईनवर माणसं कमी असतात, म्हणून निवड असेल तर आठवड्यातला कामाचा दिवस आणि सकाळची वेळ घ्या. संप हा वेगळा विषय. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला बोईंगच्या कामगारांचा संप सात आठवड्यांहून जास्त चालला आणि एव्हरेटमधलं विमानं बनवणं थांबलं. प्रवासाच्या आठवडाभर आधी बातम्या बघून घ्या. पैसे परत मिळण्याच्या अटी तिकिटावरच असतात.

१५. कॉलेजची औद्योगिक भेट मिहानमध्ये ठरवायची आहे. सुरुवात कुठून करू?

एकट्या विद्यार्थ्यानं ईमेल पाठवून सहसा काही होत नाही. विभागप्रमुखांच्या सहीचं, कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र कंपनीच्या एचआर विभागाला जाऊ द्या. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: विद्यार्थी कोणत्या वर्षाचे, कोणता विषय शिकत आहेत, आणि नेमकी कोणती प्रक्रिया बघायची आहे. 'कारखाना बघायचा आहे' या पत्रापेक्षा 'कंपोझिट भागांची तपासणी बघायची आहे' या पत्राला उत्तर येण्याची शक्यता जास्त. गट लहान ठेवा. कारखाना सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) असेल तर प्रवेशाचा पास वेगळा लागतो, म्हणून सगळ्यांच्या ओळखपत्रांची यादी आधीच तयार ठेवा. नकार आला तर पुढच्या सत्रात पुन्हा विचारा. ऑर्डरच्या घाईत कोणालाच पाहुणे नको असतात.

१६. आत नाही तर निदान बाहेरून हँगरचे फोटो, ड्रोननं?

ड्रोन अजिबात नको. विमानतळाभोवती परवानगीशिवाय ड्रोन उडवणं हा गुन्हा आहे आणि सोनेगावला वायुदलाचाही तळ आहे. कुंपणाशी गाडी लावून मोठी लेन्स काढणंही टाळा, चौकशी होईल आणि ती योग्यच असेल. विमानं जवळून बघायची हौस असेल तर वायुसेनानगरात वायुदल कधी एअर शो करतं का, यावर लक्ष ठेवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं सूर्यकिरणच्या कसरती झाल्या होत्या.

१७. मुलगा बारावीत आहे. बघायचं नाही, त्याला हेच काम करायचं आहे. त्यासाठी पायलट किंवा इंजिनिअरच व्हावं लागतं का?

नाही. विमान बांधणाऱ्यांमध्ये फिटर, मशिनिस्ट, तपासनीस, पेंटर, वायरिंग करणारे यांची संख्या मोठी असते. नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये दसॉल्टच्या सहकार्यानं विमानाच्या सांगाड्याच्या आणि उपकरणांच्या फिटरचा अभ्यासक्रम सुरू झाला, तो याच गरजेतून. त्याची चौकशी थेट आयटीआयमध्ये जाऊन करा आणि प्रवेशाच्या तारखा तिथल्या सूचनाफलकावरून घ्या. दुरुस्तीचं काम करून विमान उडायला योग्य आहे अशी सही करायची असेल, तर मार्ग वेगळा आहे. त्यासाठी डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, एएमई (विमान देखभाल अभियंत्याचं) लायसन्स लागतं आणि बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित असावं लागतं. प्रवेश घेण्याआधी ती संस्था डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे डीजीसीएच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.